आण्णा, आलं का?

परवा माझी ऐकण्याची परीक्षा आहे, जर्मनची,
मिरजेत, नर्सिंग कॉलेजच्या वरच्या मजल्यावर,
आणि हेडफोनमधून काहीच येत नाही.

कॉम्प्युटर पतसंस्थेच्या लिलावातला.
तो ठेवलाय चार नंबरच्या मागाच्या जागी.
माग गेले भंगारात, किलोवर;
फरशीत बोल्टांची भोकं तेवढी राहिली,
त्यातल्या एकात खुर्चीचं चाक सारखं अडकतं.

म्हटलं, आण्णा, तुम्ही हे कानाला लावून बसा,
मी एकेक करून बघते.
आलं की सांगा.
त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली,
हेडफोन दोन्ही हातांनी डोक्यावर चढवला
आणि फोटोला बसावं तसे बसले.

कर्ण्याच्या चित्रावर फुली नव्हती.
आवाज निम्म्यावर ठेवला,
त्यांचे कान दुखू नयेत म्हणून.
आलं का?
नाही.
आवाज मॉनिटरकडं जात होता,
ज्याला तोंडच नाही.
तो हेडफोनकडं वळवला.
आलं का?
नाही.
ड्रायव्हर काढला, परत घातला, रीस्टार्ट केलं,
तेवढ्यात लाइट गेली. विटा ते विटाच.
पाऊण तासानं आली, पुन्हा श्रीगणेशा.
नाही.

उल्का फोनवर म्हणाली, पिन कुठंय, गुलाबीत की हिरव्यात?
हिरव्यात. पण पुरती बसत नव्हती,
तांदळाच्या दाण्याएवढी बाहेर.
आण्णांना हातवारे करून दाखवलं.
ते उठले, डब्यातून सूत ओवायचा हूक काढला,
मुठीपाशी झिजलेला,
चष्मा कपाळावर सारला
आणि त्या भोकातून ओढला कापसाचा बोळा,
तारळेकरांच्या शेडमधून आमच्याकडं
अजूनही उडत येतो तसला.
पिन टक्कन बसली.
ते पुन्हा टोपी मांडीवर घेऊन बसले.

आलं का?
नाही.

एक वाजत आलेला.
म्हटलं मेलंय हे, उद्या सांगलीहून नवं आणते, गेले आठशे रुपये.
वैतागून त्यांच्या डोक्यावरून हेडफोन काढला
गुंडाळून ठेवायला,
तर हातातल्या हातात
एक बाई बोलत होती.
बारीक, स्वच्छ, अजिबात न थांबता.

कधीपासून?

मी तिथंच उभी.
रात्रभर माझी पाठ होती त्यांच्याकडं.
माझा खांदा हलला की
त्यांनी ओळखायचं, पोरीनं विचारलंय,
आणि खरं तेच सांगायचं.
एकतीस वर्षं, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी.
शेडमध्ये ते बोटांनी बोलायचे:
धागा तुटला. कांडी संपली.
मिशीवर बोट, म्हणजे मालक आला.
ट्रक कळतो त्यांना, पडलेलं पातेलं कळतं.
पण घरात कुणीही काही सांगायला गेलं की,
इकडं बघून बोल.
मला वाटायचं, शिस्त.
वॉर्डात मी म्हाताऱ्यांपुढं वाकून,
ओठ दिसतील असं बोलायला शिकले,
मार्कही मिळाले त्याचे.

"बंद पडलं?" आण्णांनी विचारलं.
मी मान हलवली, नाही.
"मग? चालू झालं?"
हो.
"बघ, कापूसच होता," ते म्हणाले,
हूक सदऱ्याला पुसत, खूश.
"काय म्हणतीय ती?"

खुर्चीचं चाक भोकात अडकलेलं.
उचलून सोडवलं, खुर्ची पुरती फिरवली,
समोर बसले, गुडघ्याला गुडघा.
कुठल्याशा स्टेशनवरची बाई आहे, आण्णा.
गाडी वीस मिनिटं लेट आहे म्हणतीय.

माझ्या तोंडाकडं बघत त्यांनी
ते सगळं नीट वाचून घेतलं.
"मग चहा टाकतो," म्हणाले.